गोळी तोलावी की मापावी?

हजार यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१४ मीटर पल्ल्याच्या एफ-क्लास, म्हणजे रायफल टेकूवर ठेवून झाडण्याच्या स्पर्धेत लक्ष्याचे सर्वांत आतले वर्तुळ अवघे पाच इंच व्यासाचे असते. अमेरिकेतील कॅम्प पेरी किंवा इंग्लंडमधील बिस्ली अशा मैदानांवर उतरणारे अनेक नेमबाज म्हणूनच पुंगळी, दारू पेटवणारी कॅप, दारू आणि गोळी हे चार घटक वेगवेगळे आणून काडतुसे घरी स्वतः भरतात आणि भरण्यापूर्वी गोळ्यांची प्रतवारी करतात.

नव्या माणसाचा हात प्रथम वजनकाट्याकडे जातो. १५५ ग्रेनच्या, म्हणजे सुमारे १० ग्रॅमच्या दोन गोळ्यांत ०.१ ग्रेनचा फरक निघाला की तो अस्वस्थ होतो. वास्तविक हा फरक ०.०६५ टक्के इतकाच आहे. त्यामुळे गोळीचा वेग सेकंदाला अर्धा मीटरही बदलत नाही, आणि काळजीपूर्वक भरलेल्या काडतुसांतही वेगाचा चढउतार त्याहून मोठा असतो. शिवाय काटा वस्तुमान किती आहे ते सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही.

नळीतील पिळामुळे, म्हणजे आतल्या बाजूच्या सर्पिल खाचांमुळे, गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. दर १० इंचांना एक फेरा असेल आणि वेग सेकंदाला ९०० मीटर असेल, तर ती मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेत असते. तांब्याच्या वेष्टणाची जाडी एका बाजूला किंचित जास्त असल्यास गुरुत्वमध्य अक्षापासून ढळतो. नळीत असेपर्यंत तो अक्षाभोवती फिरत राहतो आणि नळीचे तोंड सुटताच, गोफणीतून सुटलेल्या दगडाप्रमाणे, त्या क्षणी असलेल्या दिशेने आडवा सरकू लागतो. हा ढळ फक्त एक मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग असला, तरी हजार यार्डांवर गोळी सुमारे २.३ सेंटिमीटर बाजूला जाते आणि प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेला जाते. हा दोष वजनात दिसत नाही, लांबीतही दिसत नाही. तो टाळण्यासाठी वेष्टणाची जाडी सारखी ठेवणाऱ्या कारखान्याची गोळी घेणे, एवढेच बहुतेकांच्या हाती असते.

मग घरी मापायचे काय? एका डब्यात अनेकदा एकाहून अधिक साच्यांतील गोळ्या एकत्र आलेल्या असतात आणि साचे झिजत असल्यामुळे नाकाचा वक्र सर्वांत तंतोतंत सारखा नसतो. गोळीची एकूण लांबी येथे फसवते, कारण पोकळ टोकाची कड कापल्यासारखी खडबडीत असते. त्याऐवजी व्हर्निअर कॅलिपरच्या जबड्याला नळीच्या व्यासाशी जुळणारे छिद्र असलेला ठोकळा बसवतात आणि बुडापासून, जिथे नाकाचा वक्र पिळाला प्रथम टेकेल त्या रेषेपर्यंतचे अंतर मोजतात. याहून बारीक गोष्ट अशी, की गोळी पुंगळीत दाबणारी दांडी नाकावर आणखी पुढच्या बिंदूवर टेकते. त्या बिंदूपासून पिळाला टेकणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर गोळीगणिक बदलले, तर काडतूस कितीही काळजीने भरा, गोळी पिळापासून कमीजास्त दूर बसणारच. माझ्या मते प्रतवारीचे श्रम खरे कारणी लागतात ते याच मापासाठी.

मात्र त्याआधी एकच गोळी दहा वेळा मापून पाहावी. डिजिटल कॅलिपर ०.०१ मिलिमीटरपर्यंतचे आकडे दाखवतो, पण त्याची अचूकता साधारणपणे ०.०२ मिलिमीटरची असते. जबड्यावर तांब्याचा कीस चिकटला किंवा गोळी थोडी तिरकी धरली, तर आकडा लगेच हलतो. त्याच गोळीची मापे ०.०३ मिलिमीटरमध्ये विखुरत असतील, तर ०.०१ मिलिमीटरच्या अंतराने ढीग लावणारा माणूस गोळ्यांची नव्हे, स्वतःच्या बोटांची प्रतवारी करत असतो.

हे सारे करताना बूड डोळ्यांखालून घालणे विसरू नये. अमेरिकन डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी मुद्दाम बिघडवलेल्या गोळ्या झाडून केलेले प्रयोग १९०९ मध्ये प्रसिद्ध केले. टोक चेपलेल्या गोळ्या फारशा भरकटत नाहीत, पण बुडाची कड तुटलेल्या गोळ्या भरकटतात, असे त्यांना आढळले. बाहेर पडताना दारूचा वायू शेवटी बुडाच्या कडेवरून सुटतो. ती कड एका बाजूने मोडलेली असेल, तर त्याचा रेटाही एका बाजूने लागतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात मात्र ही सोय नाही. त्यातल्या .२२ (इंच व्यासाच्या) काडतुसाचे स्फोटक मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेले असते, त्यामुळे ते घरी भरता येत नाही. तेथे रायफल शिकंज्यात आवळून निरनिराळ्या लॉटची काडतुसे झाडून पाहतात आणि जो लॉट त्या नळीला मानवतो, त्याची खोकी विकत घेतात.

प्रतवारीत बाजूला पडलेल्या गोळ्या कोणी टाकून देत नाही. साफ केलेल्या नळीतून पहिल्या दोनचार गोळ्या नाहीतरी थोड्या इकडेतिकडे जातात. त्या कामाला याच वापरतात.