पाळीव सापाच्या पेटीतील तापमान व आर्द्रता

बंदिवासात ठेवलेल्या सापाच्या पेटीत त्याच्या जातीला मानवणारी ऊब आणि हवेतील ओलावा राखण्याची पद्धत. सस्तन प्राणी अन्न जाळून शरीर सतत गरम ठेवतात, तसे साप करत नाही. ऊन, सावली आणि बीळ यांच्यात जा-ये करून तो शरीराचे तापमान हवे तसे चढवतो किंवा उतरवतो. काचेच्या वा पीव्हीसीच्या चार भिंतींत ही सोय माणसाला करून द्यावी लागते. म्हणून पेटीचे योग्य तापमान म्हणजे एक आकडा नव्हे. पेटीचे एक टोक उबदार आणि दुसरे थंड असावे लागते, दोन्हीकडे लपायला जागा लागते, आणि कुठे बसायचे ते सापाला ठरवू द्यावे लागते.

जगभर मोठ्या प्रमाणावर पाळल्या जाणाऱ्या बॉल पायथन (शास्त्रीय नाव पायथन रेजियस) या लहान अजगराचे उदाहरण येथे सोयीचे आहे. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील गवताळ आणि विरळ झाडीच्या प्रदेशात तो आढळतो. व्यापारासाठी तो प्रामुख्याने घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून बाहेर जातो. त्याच्या पेटीचे उबदार टोक साधारण ३१ ते ३३ °से., थंड टोक २५ ते २७ °से. आणि सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेले बाष्प) ५५ ते ७० टक्के ठेवण्याची प्रथा आहे. रात्री तापमान २४ °से.च्या खाली जाऊ देत नाहीत. मूळ प्रदेशातील हवामानाच्या नोंदी पाहून पेटी कोरडी ठेवणारे मात्र फसतात. कोरड्या ऋतूत तेथील उघड्यावरची हवा रखरखीत असली, तरी हा साप दिवस काढतो तो उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत, आणि जमिनीखालची ती हवा दमट असते.

उबेचा संबंध सर्वांत आधी पचनाशी येतो. भक्ष्य गिळल्यावर साप उबदार जागेकडे सरकतो. ती न मिळाल्यास पाचकरसांचे काम मंदावते, भक्ष्य पोटात कुजू लागते आणि साप ते ओकून टाकतो. दीर्घकाळ थंडीत राहिलेल्या सापाची रोगप्रतिकारशक्तीही घटते. उलट बाजूची चूक अधिक घातक असते. थंडी साप काही काळ सुस्त राहून सोसतो, परंतु सुटकेची जागा नसलेल्या पेटीत तापमान चाळिशीकडे गेले, तर तो थोड्या वेळात दगावू शकतो.

तापमान आणि आर्द्रता यांची व्यवस्था स्वतंत्रपणे लावता येत नाही, आणि नवख्या पाळणाऱ्यांची निम्मी अडचण येथेच असते. हवा जितकी गरम, तितके अधिक बाष्प ती सामावू शकते. २५ °से.ला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावते, तर ३२ °से.ला सुमारे ३४ ग्रॅम. त्यामुळे २५ अंशांना ६० टक्के आर्द्रता असलेली हवा ३२ अंशांपर्यंत तापली, की बाष्पाचा कणही कमी न होता तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ४१ टक्क्यांवर येते. एकाच पेटीच्या दोन टोकांना दोन आर्द्रतामापक वेगवेगळे आकडे दाखवत असतील, तर दोन्हीही बरोबर असू शकतात. हिवाळ्यात हीटरचा जोर वाढवला की पेटी कोरडी पडते, त्याचे कारणही हेच आहे. अशा वेळी दिवसातून अनेकदा पाणी फवारण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो, पण तो फारसा उपयोगी नाही. आकडा क्षणभर नव्वदीपार जातो आणि थोड्याच वेळात मूळ पदावर येतो. नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांचा किंवा कोकोपीटचा जाड थर अंथरून त्याच्या तळाशी पाणी ओतणे, पाण्याचे रुंद भांडे ठेवणे आणि जाळीच्या झाकणाचा काही भाग झाकणे हे उपाय टिकाऊ ठरतात. थराचा वरचा भाग मात्र कोरडा राहिला पाहिजे.

आर्द्रतेची खरी परीक्षा कात टाकताना होते. जुन्या त्वचेखाली नवी त्वचा तयार झाली, की दोन्ही थरांच्या मध्ये द्रव साठतो, अंगाचा रंग फिकटतो आणि डोळे निळसर दुधाळ दिसू लागतात. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कात उतरते. पुष्कळ लोक कात फाटू लागल्यावर पाण्याची धावपळ करतात; वास्तविक डोळे दुधाळ होताच आर्द्रता वाढवायला हवी. निरोगी सापाची कात पायातून ओढलेल्या मोज्यासारखी उलटी होत अखंड निघते. हवा कोरडी असेल तर ती तुकड्यांनी सुटते, शेपटीच्या टोकाला तिचे कडे राहून रक्तपुरवठा अडतो, किंवा डोळ्यावरचे पारदर्शक आवरण चिकटून राहते. हे आवरण नखाने वा चिमट्याने ओढू नये, कारण त्याखालच्या नव्या आवरणाला आणि पर्यायाने डोळ्याला इजा होते. ओलसर शेवाळ भरलेला, जेमतेम साप मावेल एवढा डबा पेटीत ठेवल्यास बहुतेक वेळा पुढच्या कातीबरोबर ते आपोआप निघते.

अति ओलावाही बाधतो. सतत ओल्या बिछान्यावर पडून राहिलेल्या सापाच्या पोटाखालच्या खवल्यांवर फोड येतात आणि त्यांत जिवाणूंचा संसर्ग होतो. ओल आणि थंडी एकत्र आली, तर श्वसनमार्गाचा संसर्ग होण्याचा धोका वाढतो. सापाला श्वासपटल नसल्याने साचलेला कफ जोराने खोकून टाकता येत नाही. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, घरघर आणि नाकपुड्यांशी बुडबुडे ही लक्षणे दिसताच पशुवैद्याकडे जाणे आवश्यक असते.

उष्णतेसाठी तळाशी लावायची हीट मॅट, सिरॅमिक उत्सर्जक, हॅलोजन दिवा किंवा छताला बसवायचे तापपट्ट वापरतात. साधन कोणतेही असो, थर्मोस्टॅटशिवाय (ठरलेले तापमान येताच ते आपोआप बंद करणाऱ्या नियंत्रकाशिवाय) वापरणे हा निष्काळजीपणा आहे. पोटाखालचा पृष्ठभाग चटका बसण्याइतका तापला तरी साप अनेकदा जागचा हलत नाही आणि गंभीर भाजतो. तबकडीवर काटा फिरणारे स्वस्त आर्द्रतामापक बेभरवशाचे असतात. अंकीय मापकाची पारख घरीही करता येते : झाकणात ओलसर मीठ घेऊन ते मापकासह हवाबंद पिशवीत काही तास ठेवले, की आतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते आणि मापकाने तोच आकडा दाखवायला हवा.

हे आकडे इतर जातींना लागू पडत नाहीत. उत्तर अमेरिकेतील कॉर्न स्नेकला ४० ते ५० टक्के आर्द्रता आणि थोडी कमी ऊब पुरते, तर दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनांतील इंद्रधनुषी बोआला सुमारे ८० टक्के लागते.

भारतात वन्य साप पकडून घरी ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी, साइट्स करारातील (वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारातील) जातींबाबत २०२२च्या दुरुस्तीने नोंदणी बंधनकारक केली आहे. येथील हवामानात पाश्चात्त्य मार्गदर्शिका जशाच्या तशा चालत नाहीत, कारण त्या थंड घरे गृहीत धरतात. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता वाढवण्यापेक्षा पेटीत हवा खेळती ठेवणे महत्त्वाचे ठरते. विदर्भात मे महिन्यात खोलीच चाळिशी ओलांडते आणि थर्मोस्टॅट हीटर बंद करण्यापलीकडे काही करू शकत नाही. वातानुकूलन यंत्र खोली थंड करते, पण हवेतील बाष्पही काढून घेते. पाण्याचा कूलर नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात खोलीला गारवा आणि ओलावा दोन्ही देतो. मुंबईच्या दमट हवेत मात्र पाण्याचे बाष्पीभवन पुरेसे होत नसल्याने त्याचा उपयोग होत नाही.