अन्ननलिका-उच्छेदनानंतरची गुंतागुंत : निदान

अन्ननलिकेचा रोगट भाग काढल्यावर बहुधा जठराचीच नळी करून ती वर ओढतात व उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. शस्त्रक्रियेनंतर लक्ष ठेवायचे ते मुख्यतः या जोडावर, कारण तो सुटून गळू शकतो. अन्ननलिकेला आतड्यासारखे बाह्य लसी-आवरण (बाहेरचा पातळ, चिवट पापुद्रा) नसल्याने टाके नीट धरत नाहीत. शिवाय जठरनळीचा रक्तपुरवठा प्रामुख्याने उजव्या जठर-वपा रोहिणीवर (जठराच्या कडेने जाणाऱ्या धमनीवर) उरतो, तो टोकाशी सर्वांत क्षीण असतो आणि जोड नेमका तिथेच येतो.

छातीतील अन्ननलिका यशस्वीपणे काढण्याचे श्रेय सामान्यतः फ्रान्झ टोरेक यांना (१९१३) देतात. मात्र त्यांनी दोन्ही टोके शरीराबाहेरच्या रबरी नळीने सांधली होती. त्यामुळे आजच्या अर्थाने जोडाच्या गळतीचा प्रश्नच तिथे नव्हता. छातीत जोड करणारी आयव्हर लुइस यांची पद्धत १९४६ ची.

गळती बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास उघड होते. पहिल्या दोन-तीन दिवसांतच झाल्यास जोडातील तांत्रिक दोषाची किंवा जठरनळीच्या ऊतकमृत्यूची शंका घ्यावी. ताप येईलच असे नाही. कित्येकदा नाडी अचानक अनियमित धावू लागते, हीच पहिली खूण. जोड मानेत असेल तर जखम लालसर होते, दाबल्यास कातडीखाली हवा करकरते, मग लाळ झिरपते. छातीतली गळती अधिक घातक : ड्रेनमधील (स्राव बाहेर काढणाऱ्या नळीतील) स्राव गढूळतो, त्यात अमायलेज (लाळेतील पाचक द्रव्य) वाढते. सीआरपी (रक्तातील दाहदर्शक प्रथिन) शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस चढून उतरायला हवे. ते चढेच राहिले तर शोध सुरू करावा. पण चढ्या आकड्यापेक्षा उतरत्या आकड्याचा दिलासा अधिक भरवशाचा.

वाद आहे तो सरसकट ‘स्वॅलो’ चाचणीचा. ठरलेल्या दिवशी रंजकद्रव्य (क्ष-किरणांत उठून दिसणारे द्रव्य) गिळवून क्ष-किरण चित्रे घेण्याचा प्रघात जुना आहे. बेरियम हे रंजकद्रव्य मध्यवक्षात (दोन फुप्फुसांमधल्या जागेत) सांडल्यास दाह होतो म्हणून आधी जलविद्राव्य द्रव्य देतात, पण तेही श्वासमार्गात गेले तर फुप्फुसांना सूज आणते. मुख्य आक्षेप मात्र वेगळा : चाचणी निर्दोष येऊनही गळती असू शकते. त्यामुळे लक्षणे दिसताच तोंडाने रंजकद्रव्य देऊन सीटी स्कॅन व जोडीला एंडोस्कोपी (दुर्बिणीने आतून तपासणी), हा क्रम अधिक ग्राह्य वाटतो. जठरनळीचा अस्तर काळवंडला आहे का, हे दुर्बिणीतूनच प्रत्यक्ष दिसते. अनुभवी हाताने केलेल्या तपासणीने जोडाला इजा होते, ही भीती बरीचशी अनाठायी ठरली आहे.

आहारनळीवाटे अन्न देणे सुरू होताच ड्रेनमधील द्रव दुधाळ झाला तर वक्षीय लसीकावाहिनी (आतड्यातून शोषलेली चरबी रक्तात नेणारी छातीतील वाहिनी) दुखावल्याचा संशय येतो. त्या द्रवातील ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) ११० मिग्रॅ./डेलि. पेक्षा जास्त असणे ही प्रचलित कसोटी. उपाशी रुग्णात मात्र हा द्रव पाण्यासारखाच दिसतो. आवाज घोगरा व खोकला दुबळा झाल्यास स्वरयंत्राच्या चेतातंतूची इजा संभवते. स्वररज्जूंची दुर्बिणीने तपासणी करतात.