तांबी पडली की पोटात गेली?

गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवलेल्या तांबीचा (कॉपर-टी) दोरा हाताला लागेनासा झाला की घरात पटकन निकाल लागतो: पाळीत पडून गेली असेल. खरं तर बहुतेक वेळा दोरा नुसता वर सरकून गर्भाशयाच्या तोंडाशी गुंडाळलेला असतो आणि तांबी जागेवरच असते. पण ती जागेवर नसेल, तर दोन शक्यता उरतात. ती खरंच बाहेर पडली, किंवा गर्भाशयाची भिंत भेदून पोटात गेली. दोरा दोन्हींत दिसत नाही आणि गर्भ राहण्याची भीतीही दोन्हींत सारखीच, कारण तांबीचं काम गर्भाशयात असतानाच होतं.

पडणं तसं दुर्मीळ नाही. पहिल्या वर्षात शंभरातल्या साधारण दोन ते दहा जणींची तांबी पडते, तीही बहुधा पहिल्या काही महिन्यांत, पाळीच्या दिवसांत. नागपुरातल्या डागा, मेयो, मेडिकलसारख्या मोठ्या दवाखान्यांत बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत जी तांबी बसवतात, ती पडण्याचं प्रमाण याहून जास्त असतं. कधी ती अर्धवट खाली येते, तेव्हा दोरा लांब लागतो किंवा बोटाला टणक प्लास्टिक जाणवतं.

भिंत भेदली जाण्याचा प्रकार हजारात एक-दोघींच्याच वाट्याला येतो. सुरुवात बहुधा तांबी बसवतानाच होते. अंगावर पाजणाऱ्या आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांमध्ये हा धोका वाढतो. अशा वेळी पोट खूप दुखेल असं आपल्याला वाटतं, पण कित्येकींना काहीच जाणवत नाही आणि वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. म्हणूनच ‘दुखत नाही, म्हणजे पडलीच’ हा हिशेब मला धोक्याचा वाटतो. पडलेली तांबी डोळ्यांनी पाहिली असेल, तरच तपासाआधी ती पडली म्हणावं.

तपासाचा क्रमही ठरलेला आहे. आधी लघवीची गर्भचाचणी, कारण पुढे एक्स-रे लागू शकतो. मग सोनोग्राफी. घोळ होतो तो इथेच. नागपुरात धंतोलीतल्या एखाद्या सोनोग्राफी सेंटरवर ‘गर्भाशयात तांबी नाही’ असा रिपोर्ट मिळाला की बाई निर्धास्त होऊन दुसरी तांबी बसवून घ्यायला निघते. त्या रिपोर्टचा अर्थ तेवढाच: गर्भाशयात नाही. बाकी पोटाचा निर्वाळा सोनोग्राफी देत नाही. तांबीच्या प्लास्टिकमध्ये बेरियम सल्फेट मिसळलेलं असतं, त्यामुळे ती एक्स-रेत स्पष्ट दिसते. फिल्म मात्र ओटीपोटापुरती नको, वरच्या पोटासकट हवी. तांबी वरपर्यंत सरकू शकते. पहिली पोटात असताना दुसरी बसवल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

फिल्ममध्ये काहीच नसेल, तर ती पडली, विषय मिटला. गर्भ नसल्याची खात्री करून नवी बसवता येते. पोटात दिसली तर ती काढावी लागते, बहुधा दुर्बिणीतून. तांब्यामुळे आसपासच्या भागाला सूज येते, आतडी आणि पोटातली चरबीची झालर तिला चिकटतात, म्हणून उशीर जितका, तितकं काढणं अवघड. मूत्राशयात शिरलेल्या तांबीवर तर खडा धरतो, आणि वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग होणारी बाई मग स्त्रीरोगतज्ज्ञाऐवजी मूत्रविकाराच्या डॉक्टरांपुढे येते. अशा वेळी तांबी कधी, कुठे बसवली होती हे तिने आपणहून सांगावं, कारण लघवीच्या तक्रारीत तांबीबद्दल विचारायचं सहसा कुणाला सुचत नाही.