नऊ की दहा? इलेक्ट्रिक गिटारच्या तारांमागची गोष्ट

म्हापशात किंवा मडगावात वाद्यांच्या दुकानात इलेक्ट्रिक गिटारच्या तारा मागितल्या की समोरून हमखास प्रश्न येतो: नऊचा सेट देऊ की दहाचा? हा आकडा सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेला. दहा म्हणजे 0.254 मिलिमीटर, नऊ म्हणजे 0.229. फरक डोळ्यांना दिसत नाही, पण बोटांना पहिल्याच स्वराला कळतो. लग्नाच्या रिसेप्शनला तीन-चार तास उभ्याने वाजवणाऱ्या गिटारवादकाला तर तो रात्री घरी गेल्यावरही जाणवत राहतो. आज हे दोन आकडे इतके रुळलेत की ते पहिल्यापासून असेच असतील असे वाटते. प्रत्यक्षात हलक्या तारांचा सेट बाजारात यायला इलेक्ट्रिक गिटारच्या जन्मानंतर जवळजवळ तीस वर्षे गेली, आणि त्यासाठी आग्रह धरला तो वाजवणाऱ्यांनी.

पोलादी तारा गोव्याला इलेक्ट्रिक गिटारमुळे माहीत झाल्या असे नाही. फादो या पोर्तुगीज गीतप्रकाराला साथ करणाऱ्या पोर्तुगीज गिटारला बारा पोलादी तारा असतात, आणि आपल्या सतारीची बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची तारही पोलादीच. इलेक्ट्रिक गिटारला मात्र पोलादावाचून गत्यंतरच नव्हते. तिचा पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे. वरची तार चुंबकाला प्रतिसाद देणारी असेल तरच तिच्या कंपनातून वेटोळ्यात वीज निर्माण होते. आतड्याची तार तिथे मुकीच राहणार. जॉर्ज बोशँप आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी 1930च्या दशकाच्या सुरुवातीला अशी गिटार बाजारात आणली, तिचे पेटंट 1937 मध्ये मिळाले. ती हवाईयन पद्धतीची होती. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी दांडी सरकवायची. तार बोटाने दाबायची नाही की बाजूला ओढायची नाही, त्यामुळे ती जाड आणि ताठ असली तर उलट बरेच होते.

1936 मध्ये गिब्सन कंपनीची ईएस-150 ही इलेक्ट्रिक गिटार आली आणि जॅझ बँडमधला गिटारवादक ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या बरोबरीने ऐकू येऊ लागला. तारा मात्र जुन्याच वळणाच्या राहिल्या: पहिली बाराच्या आसपास आणि तिसरी गुंडाळीची. गुंडाळीची तार म्हणजे बारीक पोलादी गाभा आणि त्यावर घट्ट गुंडाळलेली दुसरी तार. ध्वनी वाढवायला अ‍ॅम्प्लिफायर आला होता, म्हणजे जाड तारांची मूळ गरज संपली होती. तरी कारखाने तेच सेट काढत राहिले. सवय गरजेपेक्षा जास्त टिकते, याचे वाद्यांच्या इतिहासातले हे ठळक उदाहरण आहे.

कोंडी झाली ती 1950च्या दशकात, रॉक अँड रोल आल्यावर. ब्लूजमधून आलेला बेंड, म्हणजे तार बाजूला ओढून स्वर चढवणे, आता प्रत्येकाला हवा होता. जेम्स बर्टन यांच्यासारख्या वादकांनी स्वतःच वाट काढली. उंच स्वराच्या तारांच्या जागी त्यांनी बँजोच्या बारीक तारा चढवल्या आणि खालच्या स्वरांना गिटारच्या तारा ठेवल्या. कॅलिफोर्नियातल्या टारझाना इथे गिटारचे दुकान आणि शिकवण्या चालवणारे एर्नी बॉल यांच्या लक्षात आले, की तेव्हाच्या लोकप्रिय सेटमधल्या 29च्या तिसऱ्या तारेशी नवशिके अक्षरशः झगडताहेत. त्यांनी गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीला हलका सेट काढायला सुचवले; फेंडरने ते मनावर घेतले नाही. मग बॉल यांनी तारा बनवून घेऊन स्वतःच्या नावाने विकायला सुरुवात केली, आणि 1962 मध्ये 10 ते 46चा स्लिंकी सेट आला. त्यातली तिसरी तार साधी होती, 17ची. दहाचा सेट आज सर्वमान्य आहे त्याचे मूळ इथे.

माझ्या मते त्या सेटमधला सर्वांत मोठा बदल पहिल्या तारेत नव्हता, तो या तिसऱ्या तारेत होता. तार ओढली की ताण सोसतो तो गाभा. वरच्या गुंडाळीचे फक्त वजन असते. गुंडाळीच्या तारेचा गाभा बारीक, त्यामुळे तेवढीच ओढली तरी तिचा ताण कमी वाढतो आणि स्वर थोडाच चढतो. शिवाय गुंडाळी फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, खरखरत घासते. साधी तार सगळीच्या सगळी गाभा असते, म्हणून ती चटकन चढते. सतारीवर मींड, म्हणजे तार ओढून काढलेले स्वर, ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. तिथली बाजाची तार साधी, साधारण 0.30 मिलिमीटरची, आणि पडदे रुंद, कमानदार. कसलेला हात एका पडद्यावरून चार-पाच स्वर काढतो. पणजीच्या कला अकादमीत एकाच छपराखाली हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य दोन्ही संगीत शिकवले जाते. गिटार शिकणाऱ्या मुलांनी तिथल्या सतारीच्या वर्गात थोडा वेळ बसून डाव्या हाताकडे पाहावे, असे मला मनापासून वाटते.

आता ताणाविषयी. तारेची लांबी, वजन, ताण आणि स्वर यांचे नाते मेर्सेन या फ्रेंच अभ्यासकाने सतराव्या शतकातच मांडले. लांबी आणि स्वर तेच ठेवले तर ताण तारेच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो, आणि साध्या तारेचे वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून जाडी दहा टक्क्यांनी घटली तर ताण एकोणीस टक्क्यांनी घटतो. फेंडरच्या साडेपंचवीस इंची स्केलवर (स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी), नेहमीच्या सुरात, दहाच्या पहिल्या तारेवर सुमारे 7.3 किलो ताण असतो, नऊच्या तारेवर सुमारे 5.9 किलो. सहा तारांची बेरीज केली तर दहाचा सेट गिटारची मान सुमारे 47 किलोने खेचतो, नऊचा 39 किलोच्या आसपास.

एक पूर्ण स्वर चढवायचा तर ताण सव्वीस टक्क्यांनी वाढवावा लागतो. म्हणजे नऊची तार एक स्वर ओढल्यावर बोटाखाली जो ताण येतो, तो दहाच्या न ओढलेल्या तारेइतका होतो. बोट सरकवायचे अंतर मात्र दोन्ही तारांना जवळपास सारखेच, कारण साध्या तारेत वजन आणि गाभा एकाच प्रमाणात घटतात. जोर कमी लागतो, वाट कमी होत नाही. दहावरून नऊवर आलेल्यांचे बेंड सुरुवातीला बेसूर होतात ते यामुळे. बोट जुन्याच जोराने ढकलते आणि स्वर पुढे निघून जातो.

सेटच्या आतही ताण एकसारखा नसतो, आणि तारा बदलताना याकडे सहसा कुणी पाहत नाही. नऊच्या नेहमीच्या सेटमध्ये दुसरी तार अकराची असते आणि तिच्यावर जेमतेम 5 किलो ताण असतो. शेजारच्या सोळाच्या तिसऱ्या तारेवर 6.7. दहाच्या सेटमध्ये दुसरी तेराची, ताण 7 किलो. म्हणजे दोन सेटमधला फरक पहिल्या तारेपेक्षा दुसरीवर जास्त पडतो. गिब्सनच्या पावणेपंचवीस इंची स्केलवर तोच सेट सुमारे सहा टक्के सैल लागतो. तिथे दहाचा सेट लावणारा तोच हात फेंडरवर नऊ किंवा साडेनऊ मागतो, यात विसंगती काही नाही.

पण बोटांना जाणवते ते केवळ किलोत मावत नाही. षटकोनी गाभ्याच्या तारा गोल गाभ्याच्या तारांपेक्षा थोड्या ताठ लागतात. नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि ब्रिज (दुसऱ्या टोकाचा तारांचा आधार) यांच्या पलीकडे उरलेल्या तारेने ताण बदलत नाही, पण ओढताना तोही तुकडा ताणला जातो, आणि गिटार मऊ लागते. जुन्या तारांची गुंडाळी शुद्ध निकेलची असे. निकेल महागल्यावर निकेलचा मुलामा दिलेले पोलाद आले, जे अधिक झणझणीत वाजते. 1974 मध्ये स्वतःच्या नावाने कंपनी काढणारे डी'अ‍ॅडारिओ घराणे मूळ इटलीतल्या साले गावचे, पिढ्यान्‌पिढ्या आतड्याच्या तारा वळणारे. आज दुकानात त्यांचा सेट सहज मिळतो, तो बहुतेक वेळा याच मुलाम्याचा असतो.

जाड तार म्हणजे भारदस्त आवाज, हा समज पसरवण्यात ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन यांच्या तेराच्या तारांचा मोठा वाटा आहे. ते गिटार अर्धा स्वर उतरवून लावत, म्हणजे ताण अकरा टक्के कमी, ही दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके 1965 मध्ये कारखान्यातल्या अपघातात गेली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबणारा हात तोच. त्यांनी बँजोच्या तारा वापरल्या, पुढे 1971च्या सुमारास गिटार तीन अर्धस्वरांनी उतरवली. तेवढ्याने ताण एकोणतीस टक्के कमी होतो. हेवी मेटलचा तो जड, काळाकुट्ट आवाज हलक्या तारांतून आला आहे. झीझी टॉप बँडचे बिली गिबन्स तर सातच्या तारांवर वाजवतात, आणि जाड तारांवर एवढे कष्ट कशाला घेतोस, असे ब्लूजचे दिग्गज बी. बी. किंग यांनी आपल्याला विचारले होते, असे ते सांगतात.

गोव्यात या सगळ्यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे हवा. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, एरवी खारा वारा, आणि बारमाही घाम. साध्या तारांवर कथिलाचा पातळ थर असतो. तो बोटांच्या घामाने झिजला की गंज आधी तारेच्या खालच्या बाजूला, फ्रेट लागतात तिथे धरतो, आणि वरून पाहून कळत नाही. मग ताण तोच असूनही तार जड वाटते, कारण ओढताना ती फ्रेटवर अडखळते. गुंडाळीत मळ साचला तर वजन जागोजागी वेगळे होते आणि वरच्या फ्रेटांवर स्वर खोटा लागतो. डब्ल्यू. एल. गोर या कंपनीने 1997 मध्ये एलिक्सर नावाने पातळ बहुलकाचे (पॉलिमरचे) आवरण असलेल्या तारा आणल्या, त्या किनारपट्टीवरच्या वादकाला सर्वांत उपयोगी पडल्या. बोटांना त्या किंचित निसरड्या लागतात, म्हणून काही जण त्या नाकारतात. माझा कौल पावसाळ्यापुरता आवरणाच्या तारांना आहे. ज्यांना साध्याच हव्यात त्यांनी वाजवून झाल्यावर तारेखालून कोरडा कपडा फिरवावा, खालची बाजू पुसली जाईल असा. नऊवरून दहावर जाताना मान पुढे वाकते आणि नटची खाच अरुंद पडू शकते, तेव्हा ट्रस रॉड (मानेतली, तिचा बाक ठरवणारी सळई) आणि खाचा तपासून घ्याव्यात, आणि नवा सेट दोन-तीन दिवस वाजल्याशिवाय त्याच्याविषयी मत बनवू नये.