एकाच अर्जावर दोन नावं

गॅलप ही सर्वेक्षण संस्था १९५८ पासून अमेरिकनांना एक प्रश्न अधूनमधून विचारत आली आहे: गोऱ्या आणि कृष्णवर्णीय व्यक्तींनी एकमेकांशी लग्न केलेलं तुम्हाला चालतं का? १९५८ मध्ये ४ टक्के लोक ‘हो’ म्हणाले होते. २०२१ मध्ये ९४ टक्के म्हणाले. हा आकडा बघून वर्णभेद संपल्यात जमा आहे असं म्हणणारे अमेरिकेत पुष्कळ आहेत, आणि रोज त्याचे चटके बसतात असं सांगणारेही पुष्कळ आहेत. संशोधकांची पंचाईत अशी की दोन्ही बाजूंच्या सांगण्यावरून मोजमाप होत नाही. सर्वेक्षणात माणूस चारचौघांत शोभेल असं उत्तर देतो. आणि ज्याला नोकरी मिळाली नाही त्याला ती रंगामुळे नाकारली की अनुभव कमी पडला म्हणून, हे कळायला मार्ग नसतो. नाकारणारा कारण सांगत नाही. पुष्कळदा ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

म्हणून प्रश्नच बदलावा लागला. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून नुसता वंश बदलला, तर निकाल बदलतो का? जिवंत माणसाचा वंश बदलता येत नाही, पण कागदावरच्या माणसाचा येतो.

मारियान बर्ट्रांड आणि सेंथिल मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी २००१-०२ मध्ये बोस्टन आणि शिकागोच्या वर्तमानपत्रांतल्या १,३०० हून अधिक जाहिरातींना ४,८७० बनावट अर्ज पाठवले. विक्री, कारकुनी, ग्राहकसेवा अशा नोकऱ्या होत्या. अर्ज मात्र हवेतून काढलेले नव्हते. नोकरी शोधणाऱ्यांनी संकेतस्थळांवर टाकलेले खरे बायोडेटा साचा म्हणून घेतले, आणि ओळख पटू नये म्हणून बोस्टनच्या उमेदवारांचे साचे शिकागोत वापरले, शिकागोचे बोस्टनमध्ये. एका जाहिरातीला साधारण चार अर्ज जात: दोन चांगल्या दर्जाचे, दोन बेताचे. प्रत्येक जोडीत एकावर गोऱ्यांमध्ये रूढ असलेलं नाव (एमिली, ग्रेग) आणि दुसऱ्यावर कृष्णवर्णीयांमध्ये रूढ असलेलं (लकिशा, जमाल). कोणत्या अर्जाला कोणतं नाव लागणार हे नशिबावर सोडलेलं होतं, आणि सगळा प्रयोग याच एका गोष्टीवर उभा आहे. फोन नंबर खरे होते. पलीकडे त्या त्या वंशाच्या आवाजातला निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. मालकाने निरोप ठेवला की एक नोंद होई.

निकाल असा: गोऱ्या वाटणाऱ्या नावांना ९.६५ टक्के अर्जांमागे बोलावणं आलं, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना ६.४५ टक्के. म्हणजे एका बोलावण्यासाठी एमिलीला दहा अर्ज पुरले, लकिशाला पंधरा लागले. याहून बोचरी गोष्ट दर्जाच्या तुलनेत दिसली. बायोडेटा चांगला केला की गोऱ्या नावांची बोलावणी साधारण ३० टक्क्यांनी वाढली. कृष्णवर्णीय नावांची वाढ त्याच्या जवळपासही नव्हती. ‘अजून शिका, अजून अनुभव घ्या’ हा सल्ला दोघांना सारखा फळत नाही, असा याचा सरळ अर्थ.

असा प्रयोग बिघडतो तो बहुधा नावाच्या निवडीत. या दोघांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या १९७४ ते १९७९ च्या जन्मनोंदी काढून कोणतं नाव कोणत्या समाजात किती पट जास्त आढळतं ते मोजलं, आणि मग शिकागोत सार्वजनिक ठिकाणी लोकांना ती नावं दाखवून अंदाज विचारला. मॉरिस आणि जेरोम ही नावं नोंदींनुसार कृष्णवर्णीयांची ठरत होती, पण लोकांना तसं वाटेना, ती गाळली. हे पाऊल चुकलं की काय होतं ते २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं. सात शहरांत सुमारे ९,००० अर्ज पाठवले, पण वंशाची खूण म्हणून आडनावं वापरली: वॉशिंग्टन आणि जेफरसन. फरक जवळजवळ शून्य आला. जनगणनेप्रमाणे वॉशिंग्टन आडनावाचे सुमारे ९० टक्के लोक कृष्णवर्णीय आहेत, पण ते जनगणना खात्याला माहीत; अर्ज वाचणाऱ्याला बहुधा राष्ट्राध्यक्षच आठवला असावा. भेदभाव नव्हता की खूण पोचलीच नाही, हे त्या शून्यावरून ठरवता येत नाही.

(आपल्याकडे गणित नेमकं उलटं आहे. आडनाव ऐकून जात ताडण्यात आपला हात कोण धरणार? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये याच पद्धतीने भारतातल्या खासगी नोकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा सगळा भर आडनावावर होता, आणि दलित व मुस्लीम नावांना बोलावणी कमी आली.)

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लकिशा हे नाव वंशाबरोबर गरिबीही सुचवतं, मग नकार नेमका कशाला? कागदावर हे पूर्ण सुटत नाही. माणसं पाठवली तर काही प्रमाणात सुटतं. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी २००१ मध्ये मिलवॉकी शहरात २३ वर्षांचे चार तरुण, दोन गोरे आणि दोन कृष्णवर्णीय, ३५० मालकांकडे पाठवले. प्रत्येक जोडीतला एक जण अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आल्याचं सांगे, आणि ही भूमिका ते आलटून-पालटून घेत, म्हणजे एखाद्याच्या बोलण्या-वागण्याचा परिणाम दोन्ही पारड्यांत सारखा पडावा. गुन्हा नसलेल्या गोऱ्याला ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं, गुन्हा असलेल्या गोऱ्याला १७ टक्के. गुन्हा नसलेल्या कृष्णवर्णीयाला १४ टक्के, असलेल्याला ५. मधले दोन आकडे पुन्हा बघा. कोरी पाटी असलेला कृष्णवर्णीय तरुण तुरुंगातून आलेल्या गोऱ्याच्या मागे पडला. या प्रयोगातली कमजोरीही सांगायला हवी: गोरी जोडी आणि कृष्णवर्णीय जोडी वेगवेगळ्या मालकांकडे गेली होती, आणि आपण काय तपासतोय हे त्या तरुणांना माहीत होतं. कागदी अर्जाला ते माहीत नसतं.

मग काळानुसार हे कमी होतंय का? २०१७ मध्ये लिंकन क्विलियन आणि सहकाऱ्यांनी असे उपलब्ध असलेले २८ प्रयोग एकत्र केले. एकूण ५५,८४२ अर्ज, २६,३२६ जागा. त्यांतल्या १९८९ पासूनच्या २४ प्रयोगांत गोऱ्यांना कृष्णवर्णीयांपेक्षा सरासरी ३६ टक्के आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाच्या) उमेदवारांपेक्षा २४ टक्के जास्त बोलावणी मिळाली. लॅटिनोंच्या बाबतीत दरी थोडी आटल्याची चिन्हं होती. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत पंचवीस वर्षांत रेषा सपाट. लग्नाच्या प्रश्नाची रेषा त्याच काळात चढतच गेली होती.

त्यानंतर पॅट्रिक क्लाइन, इव्हान रोझ आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी अमेरिकेतल्या १०८ बड्या कंपन्यांना सुमारे ८३,००० अर्ज पाठवले. इथे फरक बराच लहान निघाला: शंभर अर्जांमागे २.१ बोलावणी कमी, म्हणजे एकूण बोलावण्यांत साधारण ९ टक्क्यांची घट. यावरून भेदभाव घटला असं म्हणण्याचा मोह होतो, पण बर्ट्रांड-मुल्लैनाथन यांच्या जाहिराती सरसकट छोट्या-मोठ्या सगळ्या मालकांच्या होत्या, या अर्जांचं लक्ष्य निवडक अवाढव्य कंपन्या. दोन आकडे एका रेषेवर बसत नाहीत. या अभ्यासाचं खरं मोल वेगळ्या जागी आहे. एकाच कंपनीला शेकडो अर्ज गेल्यामुळे कंपनीनिहाय हिशेब करता आला, आणि हातून गेलेल्या बोलावण्यांपैकी जवळजवळ निम्मी सर्वाधिक भेदभाव करणाऱ्या २० टक्के कंपन्यांच्या खात्यात पडली. म्हणजे ‘सगळेच तसे’ हेही खरं नाही आणि ‘एखादाच वाईट’ हेही नाही.

रस्त्यावर बनावट अर्ज पाठवता येत नाही. पोलिसांनी गाडी थांबवण्यात भेदभाव होतो का, हे तपासताना सगळ्यात सोपी चूक म्हणजे थांबवलेल्या चालकांतलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण शहराच्या लोकसंख्येतल्या प्रमाणाशी ताडून बघणं. लोकसंख्येतले सगळे गाडी चालवत नाहीत; चालवतात ते सारखी चालवत नाहीत, एकाच वेळी नाही, एकाच रस्त्यावर नाही. थांबवायला रस्त्यावर कोण होतं, याची यादी कुणाकडे नसते.

जेफ्री ग्रॉगर आणि ग्रेग रिजवे यांनी २००६ मध्ये यातून फार सुरेख वाट काढली: सूर्याला पंच नेमलं. अंधारात पोलिसाला चालकाचा चेहरा लांबून दिसत नाही. मग थांबवलेल्यांतलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण उजेडात जास्त आणि अंधारात कमी असेल, तर चेहरा दिसण्याने फरक पडतोय. पण दुपारी रस्त्यावर असणारे लोक वेगळे आणि मध्यरात्रीचे वेगळे, म्हणून तुलना घड्याळातल्या एकाच वेळेची करायची. संध्याकाळचे सात डिसेंबरात काळोखाचे असतात, जूनमध्ये लख्ख उजेडाचे. सूर्यास्त ते पूर्ण काळोख हा अर्ध्या तासाचा संधिप्रकाश गाळायचा, कारण तो धड इकडचा नाही, तिकडचा नाही. ऋतूप्रमाणे लोकांचं फिरणं बदलतं ही शंका उरते. त्यावर अमेरिकेची एक सरकारी सवय कामी येते: नोव्हेंबरात एका रविवारी पहाटे जवळजवळ सगळं राष्ट्र घड्याळं तासभर मागे घेतं. शनिवारी संध्याकाळी पावणेसहाला उजेड, रविवारी त्याच पावणेसहाला काळोख. त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या आठवड्यांत माणसांचं वेळापत्रक तेच, प्रकाश तेवढा वेगळा.

ग्रॉगर आणि रिजवे यांना ओकलंड शहरात भेदभावाचा फारसा पुरावा मिळाला नाही. हेही नोंदवायला हवं, कारण जी कसोटी नेहमी ‘हो’च म्हणते ती कसोटी नव्हे. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने देशभरातल्या सुमारे साडेनऊ कोटी थांब्यांची नोंद गोळा केली आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काळोख पडला की थांबवलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण घटत होतं. गाडीची झडती घेण्यासाठी पोलिसाला किती संशय पुरतो, तेही त्यांनी तपासलं. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो चालकांसाठी तो उंबरठा खाली होता. अंधाराच्या कसोटीचा कल मात्र भेदभाव कमी दाखवण्याकडे असतो. रस्त्यावर दिवे असतात, आणि गाडीचं मॉडेल व वस्ती पाहून पोलीस काळोखातही अंदाज बांधू शकतो.

अर्ज वाचणारा आणि गाडी थांबवणारा दोघेही माणसंच. तिसऱ्या ठिकाणी माणूस बाजूलाच आहे, तिथे सूत्र आहे. मूत्रपिंडं दर मिनिटाला किती मिलिलिटर गाळतात (डॉक्टर याला जीएफआर म्हणतात) हे थेट मोजणं किचकट असतं, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ, मूत्रपिंडं मंदावली की साचणारा), वय आणि लिंग यांवरून अंदाज काढतात. १९९९ मध्ये रूढ झालेल्या सूत्रात आणि २००९ च्या सुधारित सूत्रात आणखी एक गोष्ट होती: रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला गुणा. २००९ चा गुणक १.१५९. कारण असं दिलं गेलं की अभ्यासातल्या कृष्णवर्णीयांच्या रक्तात, मूत्रपिंडं तितकीच चालत असूनही, सरासरी क्रिएटिनिन जास्त आढळलं होतं. त्यांचे स्नायू जास्त भरतात असं गृहीत धरलं गेलं. स्नायू कुणी मोजले नव्हते. ज्याचे आजोबा गोरे आणि आजी कृष्णवर्णीय, त्याला कशाने गुणायचं हेही सूत्र सांगत नव्हतं. कित्येक प्रयोगशाळा अहवालावर दोन आकडे छापून मोकळ्या होत.

आता हिशेब करून बघू. अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीवर वेळ मोजायला सुरुवात होते ती जीएफआर २० किंवा त्याखाली आल्यावर. एकाच वयाचे, तेवढंच क्रिएटिनिन असलेले दोन पुरुष घ्या. गोऱ्याचा आकडा १८ आला. त्याचं घड्याळ सुरू. कृष्णवर्णीयाचा १८ गुणिले १.१५९, म्हणजे २०.९. हा अजून ‘बरा’ आहे, नंतर या. यात कुणी कुणाचा द्वेष केलेला नाही, आणि तरी रांगेत मागे कोण राहिलं ते स्पष्ट आहे.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनांनी वंशाचा गुणक वगळलेलं नवं सूत्र स्वीकारलं. शंका असेल तिथे सिस्टॅटिन-सी या प्रथिनाची जोड तपासणी सुचवली. ते शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशी बनवतात, त्यामुळे स्नायूंचा त्यावर फार परिणाम होत नाही. मागचं नुकसान भरून काढायचं काम मात्र कारकुनी आणि चिवट होतं. जानेवारी २०२३ पासून प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राला यादीतल्या कृष्णवर्णीय रुग्णांचे जुने रक्ताचे अहवाल शोधून काढावे लागले, गुणकाशिवाय ते २० च्या खाली कधी गेले असते ती तारीख ठरवावी लागली आणि प्रतीक्षा तिथून मोजावी लागली. मार्च २०२४ पर्यंत १४,३०० हून अधिक रुग्णांच्या तारखा बदलल्या. त्यांना परत मिळालेला वेळ सरासरी दोन वर्षांचा होता.