पीक कापणी प्रयोगामागचे बीजगणित : डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यात सुगी आली की निवडलेल्या शेतांत दोरी लावून प्लॉट आखला जातो, त्यातले पीक कापून, मळून त्याचे वजन केले जाते आणि अशा वजनांवरून महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन ठरते. या पीक कापणी प्रयोगाला देशपातळीवर शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रभागी होते. त्यांचा जन्म १९११ साली याच जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, बुध येथे झाला. शेती व पोषण या विषयांचे संख्याशास्त्रज्ञ म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. मात्र त्यांचे सर्वांत सखोल गणिती काम बीजगणित आणि मोजणीचे गणित यांच्या सीमेवरचे आहे आणि त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. १९३३ मध्ये संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन निवृत्त झाल्यावर तेथील संख्याशास्त्र विभागाची वाटणी झाली होती : एकीकडे त्यांचे पुत्र एगॉन पिअर्सन आणि नंतर आलेले येर्झी नेमन, तर त्याच इमारतीत दुसरीकडे रोनाल्ड फिशर. या दोन गटांचे वैर प्रसिद्ध आहे. सुखात्मे यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली ती नेमन-पिअर्सन यांच्याकडे, पण ज्या बीजगणिताने त्यांना खेचले ते फिशर यांच्या दालनातले होते.

नमुन्यावरून काढलेले विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) स्वतः किती हेलकावे खाते, हे शोधताना निरीक्षणांच्या घातांचे लांबलचक गुणाकार उलगडावे लागतात. फिशर यांनी १९२९ च्या सुमारास दाखवून दिले की ही आकडेमोड मोजणीच्या नियमांनी पुष्कळ आटोपशीर होते. एक छोटे उदाहरण घेऊ. क, ख, ग या राशींसाठी (कख + खग + गक) आणि (क + ख + ग) यांचा गुणाकार केला, तर कखग हे पद तीनदा येते. गुणाकार न करताही हा ३ मिळतो : आडव्या ओळींच्या बेरजा २ आणि १, तर उभ्या रकान्यांच्या बेरजा १, १, १ येतील अशा रीतीने शून्य व एक मांडण्याचे प्रकार तीनच आहेत. म्हणजे तो सहगुणक (पदाला गुणणारा आकडा) हा ३ या संख्येच्या दोन विभाजनांवर, म्हणजे तिला बेरजेच्या रूपात मांडण्याच्या २+१ आणि १+१+१ या रीतींवर, अवलंबून असतो. घात वाढला की पसारा झपाट्याने वाढतो. ४ ची विभाजने ५ आहेत, ८ ची २२ आणि १२ ची ७७, आणि प्रत्येक जोडीसाठी एक सहगुणक लागतो. अशा, दोन विभाजनांनी ठरणाऱ्या फलनांचा पद्धतशीर अभ्यास सुखात्मे यांनी केला आणि त्यांचा प्रदीर्घ शोधनिबंध १९३८ मध्ये रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. सममित फलनांची (राशींची अदलाबदल केली तरी न बदलणाऱ्या फलनांची) कोष्टके तयार करणाऱ्या पुढच्या संख्याशास्त्रज्ञांना तो उपयोगी पडला. केवळ गणित म्हणून पाहिले, तर त्यांच्या नावावरचे हेच काम सर्वांत देखणे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तरीही ते बीजगणितात रमले नाहीत. १९३५ मध्येच त्यांनी स्तरित नमुना निवडीवर, म्हणजे समूहाचे स्तर पाडून प्रत्येकातून नमुना घेण्यावर, निबंध लिहिला होता. प्रत्येक स्तरातील विचलन आधीच्या लहान नमुन्यावरून अंदाजले, तरी नेमन यांची वाटपपद्धती (मोठ्या आणि जास्त विचलनाच्या स्तरातून जास्त नमुने घेणे) सहसा फायद्याचीच ठरते, असा त्याचा आशय होता. १९४० पासून भारतीय कृषी संशोधन संस्थांच्या मध्यवर्ती परिषदेत पिकांच्या अंदाजाचे काम त्यांच्याकडे आले. त्या धबडग्यातही १९४४ मध्ये त्यांनी ‘संख्या’ या नियतकालिकात मर्यादित समष्टीतील (मोजक्या घटकांच्या समूहातील) नमुन्यांच्या परिबलांवर, म्हणजे निरीक्षणांच्या घातांच्या सरासरींवर, लेखन केले. लंडनमधील बीजगणित आणि शेतातला नमुना यांचा सांधा तेथे सरळ दिसतो, कारण तालुक्यातील शेतांची संख्या मर्यादितच असते.

संख्याशास्त्रज्ञ प्र. चं. महालनोबिस यांच्याशी झालेला त्यांचा वाद प्लॉटच्या आकाराचा होता; महालनोबिस लहान प्लॉटच्या बाजूचे होते. लहान प्लॉट स्वस्त पडतो, पण सीमेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो आणि उत्पादन वाजवीपेक्षा जास्त दिसते, हे सुखात्मे यांनी १९४७ च्या लेखात आकड्यांनिशी मांडले. प्लॉट जितका लहान तितका त्याच्या क्षेत्राच्या मानाने परीघ मोठा, त्यामुळे ही चूक लहान प्लॉटलाच अधिक भोवते, आणि कितीही शेते वाढवली तरी ती सरासरीतून निघून जात नाही.