नांदायला नकार आहे का? नवरा-बायको, बाप्तिस्मा आणि १८६६चा कायदा

भांडण होऊन माहेरी आलेल्या मुलीला ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, आजही हमखास ऐकवतात, देव विश्वासू आहे ना, मग तूही घर धरून राहा. ऐकवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण या वाक्यामागे केवढा इतिहास आहे ते विसरलं जातं.

बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा ७वा अध्याय सगळ्यांना पाठ आहे. त्यात १५व्या वचनात, विश्वास न ठेवणारा जोडीदार वेगळा होत असेल तर होऊ द्या, भाऊ किंवा बहीण बांधलेले नाहीत असं येतं. आता बांधलेले नाहीत म्हणजे काय, वेगळं राहायला मोकळे की दुसरं लग्न करायलाही, इथे सगळं अडलं. १८५०च्या कायद्याने धर्म बदलला तरी वारसाहक्क जात नाही एवढं ठरलं होतं, पण संसाराचं काय? बाप्तिस्मा झाला, म्हणजे नवरा ख्रिस्ती झाला, की बायकोला माहेरचे घेऊन जायचे, नवरा इकडे एकटा, आणि पहिलं लग्न कायद्याने उभंच.

मग १८६६चा कायदा आला. जोडीदार ६ महिने सोडून राहिला तर ख्रिस्ती झालेल्याने अर्ज करायचा, न्यायाधीशाने समोरच्याला स्वतः विचारायचं की धर्म बदलला म्हणूनच नांदायला नकार आहे का, आणि हो म्हटलं तरी लगेच निकाल नाही, १ वर्ष थांबायचं, मधल्या काळात दोघांची भेटसुद्धा घडवता यायची, वर्षाने परत तोच प्रश्न आणि मगच मोकळीक. काहींना हा कायदा म्हणजे वचनाची पायमल्ली वाटली, काहींना सुटका. मला त्यातलं ते एक वर्ष फार मोलाचं वाटतं, कारण वाट बघणं आणि सोडून देणं दोन्ही त्यात होतं, आणि प्रश्न दोनदा विचारला जायचा.

नारायण वामन टिळक या मराठीतल्या एका मोठ्या कवीने १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याच्यासाठीही कायद्याची ही वाट उघडी होती, तो गेला नाही. बायको लक्ष्मीबाई मुलाला घेऊन पंढरपुरात नातेवाइकांकडे राहिली, पुढे नगरला आली तीसुद्धा सोवळं सांभाळत, स्वयंपाक-पाणी वेगळं ठेवून. १९००मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला तो तिच्या मनाने. पाच वर्षं दोघंही थांबले हे खरं, पण तिला कुणी मारत नव्हतं, हेही सांगायला हवं ना.

कारण ख्रिस्ती लोकांच्या १८६९च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरेसा होता, बायकोला मात्र सहसा व्यभिचार आणि वर छळ किंवा २ वर्षं टाकून जाणं, असं दोन्ही सिद्ध करावं लागायचं. नुसता छळ चालायचा नाही. मार खाणाऱ्या बाईला घर धरून राहा म्हणायचं, आणि तिला घटस्फोटाचा दुसरा दरवाजाच नव्हता. १९९७मध्ये मुंबईत हायकोर्टाच्या पूर्णपीठाने ती अट काढली आणि नुसत्या छळावरही अर्ज करता यायला लागला, देशभरासाठी कायदा बदलला २००१मध्ये, म्हणजे १३२ वर्षांनी.